अणूला आठ झाल्याचं कळतं कसं?

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी दहावीत आहे, कार्बनी संयुगांचा धडा चाललाय. अणू आपलं अष्टक, म्हणजे बाहेरच्या थरातले (कवचातले) आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करण्यासाठी इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, असं तिने वाचलं आणि आईला दोन गोष्टी विचारल्या. आठ झाले हे अणूला कळतं कसं? आणि एकच जोडी दोन्ही अणूंच्या हिशोबात धरायची, ही खोटी नोंद नाही का? ताई स्वतः कॉमर्सच्या. त्या लिहितात, "आमच्याकडे एकच रक्कम दोन खात्यांत जमा दाखवली तर ऑडिटर धरतो. तिला काय सांगू?"

ताई, आधी मुलीची पाठ थोपटा. सिंधुदुर्गात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी २८ वर्षं गेली. अकरावीत येणारी बहुतेक मुलं "अष्टक पूर्ण" हे दोन शब्द घेऊन येतात आणि ते म्हटले की त्यांच्या लेखी विषय संपलेला असतो. तुमच्या मुलीला तिथेच अडखळायला झालं, हे फार चांगलं लक्षण आहे.

तिचे प्रश्न दोन असले तरी मूळ एकच आहे. पुस्तक अणूबद्दल माणसासारखं बोलतं: त्याला आठ हवेत, त्याला स्थिर व्हायचंय. लहान वर्गांत असं बोलणं सोपं पडतं, मीसुद्धा सुरुवातीची कित्येक वर्षं असंच शिकवलं. पण अणूला काही हवं नसतं. पावसाळ्यात डोंगरावरचा वहाळ खाली धावतो तेव्हा समुद्र कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. उतार आहे म्हणून पाणी उतरतं. अणूंचंही तसंच आहे, फक्त त्यांचा उतार ऊर्जेचा. जवळ येऊन दोघांची मिळून ऊर्जा कमी होत असेल तर बंध होतो, होत नसेल तर होत नाही. आठ हा आकडा आपण बाहेर उभं राहून नंतर मोजलेला आहे.

आता हे किती खोलात सांगायचं, ते मुलीवर अवलंबून आहे. दहावीची परीक्षा एवढंच समोर असेल तर पुढचा बियांचा खेळ आणि विहिरीचा दाखला पुरे. पुढे विज्ञान घ्यायचं मनात असेल तर हायड्रोजनचा भाग तिला स्वतः वाचायला द्या. अकरावीत तो परत भेटणार आहे, आणि तेव्हा ओळखीचा वाटलेला बरा.

सगळ्यांत साधा रेणू हायड्रोजनचा. प्रत्येक अणूत मध्ये एक प्रोटॉन, हेच त्याचं केंद्रक, आणि भोवती एक इलेक्ट्रॉन. दोन अणू एकमेकांपासून लांब असले की कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही. जवळ आले की ओढाताण सुरू होते. या केंद्रकाची ओढ त्या इलेक्ट्रॉनला लागते, त्या केंद्रकाची या इलेक्ट्रॉनला. त्याच वेळी दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि दोन्ही केंद्रकंही एकमेकांना ढकलतात. सुरुवातीला ओढ जिंकते. आजवर एकाच केंद्रकाशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनला आता दोन केंद्रकं मिळाली, आणि वावरायला जागाही वाढली. इलेक्ट्रॉन म्हणजे गोटी नव्हे, तो ढगासारखा पसरलेला असतो. त्या ढगाचा दाट भाग दोन केंद्रकांच्या मध्ये येतो आणि दोघांनाही धरून ठेवतो. ऊर्जा उतरत जाते. अंतर ७४ पिकोमीटरवर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) आलं की ती सगळ्यांत कमी असते. त्याहून जवळ ढकलायला गेलं तर केंद्रकांची एकमेकांना ढकलण्याची ताकद भारी पडते आणि ऊर्जा भराभर चढते. म्हणून दोघं त्या अंतराच्या आसपास राहतात. अगदी स्थिर नाही हं, स्प्रिंगला बांधल्यासारखे सतत मागेपुढे हलत असतात.

ही उतरलेली ऊर्जा जाते कुठे? बाहेर पडते. हायड्रोजनचे सुटे अणू एकत्र येऊन २ ग्रॅम हायड्रोजन वायू तयार झाला तर ४३६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. विहिरीतून काढलेलं एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण ३०० किलोज्यूल लागतात. फक्त २ ग्रॅम वायूमागे एवढी! हे बंध परत तोडायचे झाले तर तेवढीच ऊर्जा भरावी लागते. "स्थिर" या शब्दाचा रसायनशास्त्रातला अर्थ हा: बाहेर पडायला मोठी चढण चढावी लागते.

इथे मी मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिने आठाची भुरळ उतरते. हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर दोन केंद्रकांमध्ये एकच इलेक्ट्रॉन उरतो. जोडी नाही, द्विक (हायड्रोजनला लागणारे दोन) नाही, अष्टकाचं तर नावच नको. तरीही बंध टिकतो. तो लांबतो, सुमारे १०६ पिकोमीटर होतो, आणि तोडायला ४३६ ऐवजी साधारण २५५ किलोज्यूल पुरतात. पण तो असतो, मोजता येतो. म्हणजे बांधण्याचं काम दोन्ही केंद्रकांच्या ओढीतून होतं. जोडी झाली की ते जास्त पक्कं होतं, इतकंच.

मग जोडीच का, तीन-चार का नाहीत? याचं उत्तर वुल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. इलेक्ट्रॉनला राहायला अणूत ठरावीक कप्पे असतात आणि एका कप्प्यात दोनच मावतात, तेही एकमेकांविरुद्ध फिरकीचे. फिरकी हा नुसता शब्द आहे, इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो असं समजू नका. पहिल्या कवचात कप्पा एकच, म्हणून हायड्रोजन दोनावर थांबतो. दुसऱ्या कवचात कप्पे चार. चार दुणे आठ! कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन ही सगळी मंडळी दुसऱ्या कवचातली, म्हणून त्यांच्याभोवती आठ मोजले जातात. कप्पे भरले की पुढचा इलेक्ट्रॉन बऱ्याच वरच्या पायरीवर बसवावा लागतो आणि तिथे ऊर्जेचा फायदा उरत नाही. मुलीच्या "कळतं कसं" या प्रश्नाचं सरळ उत्तर हे आहे. कळत काही नाही, जागा संपते.

हेलिअमचे दोन अणू जवळ आणून बघा. इलेक्ट्रॉन चार. त्यातले दोन मधल्या, बांधणाऱ्या जागेत बसतात. उरलेल्या दोघांना जी जागा मिळते ती उलटी, बंध सोडवणारी असते. एकाने बांधायचं, दुसऱ्याने सोडायचं. म्हणून हेलिअम एकटाच फिरतो.

आता दुसरा प्रश्न, खोट्या नोंदीचा. आपल्याकडे दोन घरांच्या हद्दीवर सामाईक विहीर असते. या घरी विचारा, विहीर आहे का, तर आहे. त्या घरी विचारा, तिथेही आहे. दोघंही खरं सांगतात, दोघंही त्याच पाण्यावर आंघोळी करतात. पण वाडीत विहिरी किती हे लिहायचं झालं की ती एकदाच लिहायची. इलेक्ट्रॉनची जोडी अशीच. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचे ६ आणि दोन हायड्रोजनचे १-१, मिळून बाहेरच्या कवचातले ८ इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनच्या बाजूने मोजाल तर त्याच्याभोवती ८, प्रत्येक हायड्रोजनच्या बाजूने मोजाल तर २. ही ८, २ आणि २ ची बेरीज करून १२ म्हणायचं नाही. ताई, तुमच्या भाषेत सांगायचं तर एकत्रित ताळेबंदात जोडी एकदाच येते. अणूवार मोजणी म्हणजे त्या अणूजवळ वावरणारे इलेक्ट्रॉन किती याची नोंद, मालकीची नव्हे.

दाखल्याला मर्यादा आहे, तीही मुलीला सांगा. विहीर दोन घरांना एकमेकांकडे ओढत नाही. इलेक्ट्रॉनची जोडी ओढते. आणि सगळा बंध त्या ओढण्यातच आहे.

हे कागदावर करण्याआधी एकदा जमिनीवर करून बघा. खडूने तीन वर्तुळं काढा, एक मोठं आणि दोन लहान, कडा एकमेकींत शिरलेल्या. ऑक्सिजनसाठी ६ चिंचोके, हायड्रोजनसाठी प्रत्येकी एक काजूबी. वर्तुळं जिथे एकमेकांत शिरलीत तिथे एक चिंचोका आणि एक काजूबी शेजारी ठेवायची. दोन्ही बाजूंना झालं की ऑक्सिजनचे चार चिंचोके उरतात, ते जोडीजोडीने मोठ्या वर्तुळात मोकळे राहतात. माझ्या वर्गात एका मुलीने बिया मांडल्या, क्षणभर बघितल्या, आणि मग न विचारता सगळ्या काजूबिया उचलून तिथे चिंचोके ठेवले. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाई, कोणाचा कोणता ते एकदा जुळल्यावर कळायला नको ना?" इतकी वर्षं मी वेगवेगळ्या बिया वापरत होते आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इलेक्ट्रॉनवर नाव नसतं. बंध झाल्यावर हा ऑक्सिजनचा आणि तो हायड्रोजनचा असा फरक निसर्गात उरतच नाही. तेव्हापासून मी मांडताना दोन प्रकारच्या बिया देते आणि मांडून झाल्या की सगळे चिंचोके करायला लावते. तुम्हीही तसंच करा.

पाणी जमलं की मिथेन, मग कार्बन डायऑक्साइड. त्यात कार्बनचे ४ आणि दोन ऑक्सिजनचे ६-६, म्हणजे १६ बिया. एकेक जोडी ठेवून भागत नाही हे तिचं तिलाच दिसेल आणि ती दोन-दोन जोड्या सरकवेल. दुहेरी बंध असा हाताने सापडला की विसरत नाही. शेवटी नायट्रोजन द्या, तिहेरी बंधासाठी. ठिपक्यांची ही पद्धत गिल्बर्ट लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये मांडली. बंध का होतो याचं गणित त्याच्याकडे नव्हतं. ते हायड्रोजनसाठी हाइटलर आणि लंडन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये करून दाखवलं. म्हणजे ठिपके आधी आले आणि कारण अकरा वर्षांनी. आपण मात्र वर्गात ठिपक्यांनाच कारण म्हणून शिकवतो, आणि मुलं तिथे अडकतात.

आतापर्यंतचं एका दमात: दोन केंद्रकांची ओढ मिळाली की इलेक्ट्रॉनची ऊर्जा उतरते, एका कप्प्यात दोनच मावतात म्हणून जोडी, दुसऱ्या कवचात चार कप्पे म्हणून आठ.

बंध किती पक्का असतो हे बघायला तुमच्यापासून शिरोडा लांब नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ज्याचं नाव झालं तेच. मी दरवर्षी उन्हाळ्याआधी मुलांना मिठागरावर नेते. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन लागतं, पाणी आटतं आणि कडेला पांढरी साय धरायला लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मी मुलांना वाफ्याशी उकिडवं बसवते आणि विचारते, या उन्हाने इथे काय तुटलं? बहुतेक जण म्हणतात, पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे झाले. तसं झालं असतं तर मिठागराजवळ काडी ओढायची सोय राहिली नसती. उन्हाने पाण्याचे अख्खे रेणू एकमेकांपासून सुटतात, एवढंच. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे साडेतीन चहाचे चमचे, वाफ व्हायला साधारण ४४ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला लागतील ९२६ च्या आसपास, वीसपटींहून जास्त. रेणू एकमेकांना धरतात ती ओढ वेगळी आणि रेणूच्या आतला सहसंयुज, म्हणजे भागीदारीचा, बंध वेगळा. उकळतं पाणी, आटतं मिठागर, वाळत घातलेली साडी, कुठेही आतला बंध तुटत नाही. वाफ हवेत जाते तीसुद्धा पाणीच असते.

आणि खाली उरतं ते मीठ. तिथे भागीदारीच नाही. सोडिअमने इलेक्ट्रॉन दिलेला, क्लोरीनने घेतलेला, आणि धन-ऋण आयन, म्हणजे प्रभार आलेले अणू, एकमेकांना सगळ्या बाजूंनी धरून बसलेले. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड. यात "मिठाचा एक रेणू" असं वेगळं काढून दाखवता येत नाही. म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. साखर बघा, तव्यावर लगेच वितळते, कारण तिचे अख्खे रेणू एकमेकांपासून सुटतात. ती तांबूस होऊन वास सुटायला लागला की समजायचं, आता आतले बंध मोडताहेत आणि नवे पदार्थ होताहेत. हा प्रयोग तुम्ही सोबत असतानाच करू द्या, वितळलेली साखर फार भाजते.

मीठ आणि साखर यांतला फरक आणखी एका तऱ्हेने दिसतो. ९ व्होल्टची बॅटरी, एक छोटा एलईडी, दोन वायरी. वायरींची टोकं मिठाच्या पाण्यात जराशी लांब ठेवली की दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही. टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, एलईडी जळेल. आणि घरातल्या प्लगला हात लावायचा नाही.

बंध आणि ऊर्जा यांबद्दल एक गैरसमज मी बारावीपर्यंत खोडत असते: बंध तुटला की ऊर्जा मिळते. नाही. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, नेहमीच. मिळते ती नवे बंध होताना. हायड्रोजन जळतो तेव्हा ४ ग्रॅम हायड्रोजनचे बंध तोडायला ८७२ आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजनचे तोडायला ४९८, मिळून १३७० किलोज्यूल खर्च. पाणी होताना ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार मोल (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं डझनासारखं माप) बंध होतात, प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२ जमा. उरतात ४८२, तीच उष्णता. ताई, हा हिशोब तुम्ही तिला माझ्यापेक्षा चांगला समजावाल. गॅसच्या शेगडीला आधी काडी का दाखवावी लागते तेही यातूनच कळतं. सुरुवातीचा खर्च कोणीतरी भरावा लागतो. पुढे आचच तो भरते.

तिहेरी बंध म्हणजे तिप्पट ताकद, असंही धरून चालू नका. कार्बन-कार्बन एकेरी बंध ३४७ किलोज्यूल, दुहेरी ६१४, म्हणजे दुपटीला कमीच. दुहेरीतला दुसरा बंध पहिल्यापेक्षा हलका असतो, म्हणून रासायनिक क्रियेत तो आधी मोडतो. आढीत आंबा पिकवणारा इथिलीन वायू हा या दुहेरी बंधाचा सगळ्यांत लहान हायड्रोकार्बन. नायट्रोजनची तऱ्हा उलटी. त्याचा तिहेरी बंध ९४५, इतका पक्का की श्वासातून आत गेलेला नायट्रोजन जसाच्या तसा बाहेर येतो. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात खतासाठी अमोनिया करतात. हाच बंध मोडायचा म्हणून अमोनिया करताना लोखंडाचा उत्प्रेरक (क्रियेला वेग देणारा पदार्थ), चारशे अंशांच्या वरचं तापमान आणि शंभर-दोनशे पट हवेचा दाब लागतो.

भागीदारी नेहमी समसमान असतेच असं नाही, हे मात्र दहावीतच सांगायला हवं. हायड्रोजनचे दोन अणू सारखेच, जोडी बरोबर मध्ये. पाण्यात ऑक्सिजनची ओढ जास्त. पाउलिंग या शास्त्रज्ञाच्या विद्युतऋणतेच्या, म्हणजे जोडी स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीच्या, मापात ऑक्सिजन ३.४४, हायड्रोजन २.२०. म्हणून जोडीचा ढग ऑक्सिजनकडे झुकतो, तिथे थोडा ऋण आणि हायड्रोजनकडे थोडा धन प्रभार येतो. सोडिअम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६ इतका फरक झाला की झुकण्यावर भागत नाही, इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णच सरकतो. म्हणजे सहसंयुज आणि आयनिक या दोन वेगळ्या खोल्या नाहीत. एकाच पडवीची दोन टोकं आहेत, आणि बरीच संयुगं मध्ये कुठेतरी उभी आहेत.

अष्टक जिथे लागू पडत नाही ती उदाहरणं लपवू नका. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६ इलेक्ट्रॉन. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती १२ मोजावे लागतात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन ११, विषम आकडा, म्हणजे सगळ्यांची जोडी जमणंच शक्य नाही. तरी तो असतो. विजा चमकतात तेव्हा हवेत होतो आणि आपल्या रक्तवाहिन्या सैल करायला शरीर स्वतःही बनवतं. ऑक्सिजनचा रेणू तर ठिपक्यांत अगदी नेटका बसतो, ८ आणि ८. पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो, आणि त्यासाठी जोडीत नसलेले इलेक्ट्रॉन लागतात. ठिपक्यांत ते दिसत नाहीत.

परीक्षेत मात्र तिने अष्टकच लिहायचं. "प्रत्येक अणूचे अष्टक किंवा द्विक पूर्ण होते" या वाक्याला गुण आहेत, आणि ते वाक्य निरीक्षण म्हणून खोटं नाही. आकृतीत संयुजा इलेक्ट्रॉनच, म्हणजे बाहेरच्या कवचातलेच, दाखवायचे, आतले नाहीत. ऑक्सिजनच्या मोकळ्या दोन जोड्या विसरायच्या नाहीत. उत्तरपत्रिकांत सगळ्यांत जास्त गुण तिथेच जातात. काढून झाल्यावर एकूण ठिपके मोजायचे, पाण्यात ८, मिथेनमध्ये ८, कार्बन डायऑक्साइडमध्ये १६, नायट्रोजनमध्ये १०. जमले नाहीत तर एखादी जोडी राहिलीय किंवा दोनदा आलीय, परत शोधायची.